लाल मोज्यांवरची नावे

तुमच्या शाळेच्या स्वेटरवर छातीशी एखादे चिन्ह भरलेले असेल, तर त्यावरून हळूच बोट फिरवून पाहा. टाके एकमेकांना कसे खेटून बसले आहेत ते कळेल. मित्रांनो, असले टाके घालणारे मी एक मशीन आहे. आता माझे वय झाले आहे. पांढरा रंग पिवळट पडला आहे, बाजूचा एक खटका दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही, आणि सुरू होताना मी थोडे खाकरते. टाका मात्र अजून सरळ पडतो. आज तुम्हाला माझी हकीकत सांगावी म्हणते. ती माझी असली तरी तिच्यात माझ्यापेक्षा दुसऱ्याच कुणाचे तरी कौतुक जास्त येईल. त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून माझा सांगाडा पुढे जात होता आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे माझ्यात एकेक भाग बसवत होती. कुणी मोटर बसवली, कुणी सुईचा दांडा, कुणी दिवा. शेवटच्या टेबलाशी चष्मेवाल्या तपासनीस बाई होत्या. त्यांनी माझ्यात हिरवा दोरा ओवला आणि मला एक पान भरायला लावले. पान भरून झाल्यावर त्यांनी कापड उजेडात धरले, पुढून पाहिले, मागून पाहिले, नखाने एक टाका उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "जा." त्या एका शब्दावर मी जगात आले.

माझी पहिली नोकरी टोप्या बनवणाऱ्या एका कार्यशाळेत होती. तिथे एका पाणी विकणाऱ्या कंपनीचे चिन्ह टोप्यांवर भरायचे होते. ते चिन्ह म्हणजे एक निळा थेंब. सकाळी थेंब, दुपारी थेंब, संध्याकाळी थेंब. मशीनला स्वप्ने पडत असती, तर माझ्या स्वप्नात नुसती गळती लागली असती. काम मी चोख केले. पण त्या टोप्या कुणाच्या डोक्यावर जातात, हे मला कधी कळले नाही, आणि माझ्याशी कुणी बोललेही नाही. मग तिथे एका दमात टोप्यांची अख्खी रांग भरणारे नवे मशीन आले. मला गोण्यांच्या मागे भिंतीशी सरकवले गेले. कुणीतरी माझ्यावर ओली छत्री ठेवली आणि ती तशीच विसरून गेले.

तिथून मला सोडवले ते वहिनींनी.

वहिनी शिवणकाम करत. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्या न सांडता बोलण्याची कला. त्या कार्यशाळेत उरलेले कापड घ्यायला त्या अधूनमधून येत. एके दिवशी त्यांनी ती छत्री उचलली, माझ्यावरची धूळ तळहाताने पुसली आणि मला सुरू करून पाहिले. मी खाकरले आणि चालू झाले. कार्यशाळेच्या मालकाला जागा मोकळी हवीच होती. वहिनींचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. त्यांना घरात दादा म्हणत. त्यांनी आणि शेजारच्या सुताराने मला उचलून घरी आणले. दार अरुंद होते. मला आडवे करावे की तिरपे, यावर दारातच दोघांचा बराच खल झाला, तोवर मी दादांच्या मांडीवर टेकलेले. शेवटी सुताराने दाराचा एक पल्लाच काढला.

घराची पुढची खोली म्हणजे वहिनींचे दुकान. रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी, कापड बेतायचे लांब टेबल, इस्त्री, बिस्किटांच्या डब्यांत रंगवार लावलेली रिळे. दादांनी मला खिडकीशी बसवले, माझी बाजूची पट्टी उघडली आणि घड्याळाच्या कामातली बारीक कुंचली घेऊन मला आतून साफ केले. इतकी वर्षे माझ्या पोटात निळ्या दोऱ्याची धूळ साचली होती, ती सगळी निघाली. मग त्यांनी जिथे हवे तिथे तेलाचा थेंब सोडला आणि माझ्यावर कान टेकवून ऐकत बसले. मित्रांनो, माझे म्हणणे कुणीतरी कान लावून ऐकण्याची ती पहिली वेळ होती.

त्या खोलीत आणखी एक व्यक्ती होती, आणि तिला माझे येणे आवडले नव्हते. दादांची धाकटी बहीण. वहिनी त्यांना वन्सं म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. नवरा गेल्यावर वन्सं भावाकडे चार दिवस म्हणून आल्या होत्या, आणि ते चार दिवस संपले नव्हते. खिडकी उघडण्याआधी त्या विचारत, उघडू का. चहा टाकण्याआधी विचारत, टाकू का. वहिनी दर वेळी म्हणत, अहो विचारताय काय, आणि वन्सं पुढच्या वेळी पुन्हा विचारत.

वन्संच्या हाताची कला गावभर माहीत होती. त्यांनी रुमालाच्या कोपऱ्यात भरलेल्या चिमणीला लोक हात लावून बघत, उडते की काय म्हणून. पण मी येण्याच्या थोडे आधी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. कप उचलला की चहा बशीत उतरायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली नाही. वन्संनी सुया डबीत घातल्या, डबी कपाटावर ठेवली आणि तो विषय बंद केला. आता त्या बटणे लावून देत, धागे कातरत, आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे पाठ करून असे. मला त्याचे वाईट वाटले नाही. ज्याच्या हातातून त्याचे काम गेले, त्याच्यासमोर न थकणारा हात आणून ठेवला, तर त्याने त्याचे कौतुक कुठल्या तोंडाने करावे?

दोन गल्ल्या पलीकडे एक बाई राहत होत्या, त्यांना सगळे मोठी आई म्हणत. कुणाचे आईवडील आजारी, कुणाच्या घरी काही काळ सांभाळायला माणूसच नाही, अशी मुले त्यांच्याकडे राहायला येत. कुणी काही महिने, कुणी वर्ष. नाताळ जवळ आला, तशा त्या वहिनींकडे आल्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे भिंतीवर ओळीने लाल मोजे टांगायचे आणि सकाळी त्यात खाऊ, खेळणे असे काहीबाही मिळायचे. इतकी वर्षे सगळे मोजे सारखेच असत आणि सकाळी कुणाचा कुठला यावरून रडारड होई. या वेळी प्रत्येकाचे नाव घालून द्याल का, असे त्यांनी विचारले. घर सोडून जाताना मुलाने तो मोजा बरोबर न्यावा, अशी त्यांची इच्छा होती. घरातली बाकीची प्रत्येक वस्तू आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेली असते, एक तरी नवी आणि स्वतःची असावी, असे त्या म्हणाल्या.

मोजा दिसतो सोपा, पण त्यात खाचाखोचा फार. लाल मखमलीचे पायाच्या आकाराचे दोन तुकडे, आत अस्तर, आणि वर पांढऱ्या लोकरी कापडाची रुंद पट्टी, जी बाहेरच्या बाजूला दुमडायची. नाव या पट्टीवर भरायचे. कापड रिंगेत ताणून बसवायचे, खाली कडक कागद लावायचा, म्हणजे ते चुरगळत नाही. वर पाण्यात विरघळणारा पातळ कागद ठेवायचा, नाहीतर टाके लोकरीत बुडून जातात आणि नाव केसाळ दिसते. वहिनींनी हे सारे नीट केले. मी मन लावून पहिले नाव भरले. वहिनींनी मोजा शिवला, पट्टी दुमडली, आणि नाव खाली डोके वर पाय.

पट्टी दुमडल्यावर उलटते, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. वहिनी मोजा हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "असू द्या वहिनी. मुलं डोक्यावर उभी राहून वाचतील." वन्सं म्हणाल्या होत्या. मी आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच मान वळवली होती. दोघी इतक्या हसल्या, की आतल्या खोलीतून दादा चिमटा हातात घेऊनच बाहेर आले.

त्या हसण्याने बरेच काही सैल झाले. वन्सं उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझी अक्षरे निरखली. ती कारखान्यात माझ्यात भरून दिलेली होती, ताठ आणि चौकोनी. वन्संना ती पसंत पडली नाहीत. दुकानाच्या पाटीवर ठीक आहेत, म्हणाल्या, पण मुलांच्या मोज्यावर अशी दटावणारी अक्षरे काय कामाची? वहिनींनी एक कागद आणि पेन्सिल त्यांच्यासमोर ठेवली.

वन्सं कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिल उचलली. हात थरथरत होता, तरी त्यांनी अक्षरे काढली, गोलसर, थोडी वाकून चालणारी, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखी. वहिनींनी कॉम्प्युटरसमोर बसून त्या अक्षरांचे टाके आखले. कुठला टाका कुठून कुठे जावा, कुठे आडवा, कुठे तिरपा, हे वन्सं शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. ती आखणी माझ्यात आली आणि मी पहिले अक्षर भरले. मित्रांनो, निळ्या थेंबांच्या कामात मला हे सुख कधी मिळाले नव्हते. ते टाके वळणावर घाई करत नव्हते.

पण कापड रिंगेतून निघाले आणि वन्संचा चेहरा उतरला. पेन्सिलीची थरथर अक्षरांच्या कडांना जशीच्या तशी उतरली होती.

"हे सरळ करता आलं असतं ना?" त्यांनी विचारले.

"आलं असतं. एक बटण दाबलं की होतं," वहिनी म्हणाल्या.

"मग?"

"मग ते तुमचं राहिलं नसतं."

वन्संना ते पटले होते असे नाही. पण मुले मोजे न्यायला आली, तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत धाकट्याने आपले नाव डोळ्यांजवळ धरले आणि गंभीरपणे जाहीर केले, की अक्षरांना थंडी वाजते आहे. सगळ्यांना ते एकदम दिसले. नाताळच्या मोज्यावर कुडकुडणारी अक्षरे! मग प्रत्येकाला तशीच हवी होती. वन्संनी त्या दिवशी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या. पुढे माझा दोरा बदलणे, खालच्या दोऱ्याचे बॉबिन भरणे, रिंग लावणे हे सगळे त्यांनीच हाती घेतले. रिंग लावताना त्या आधी डाव्या हाताने उजवे मनगट धरत, थोडे थांबत आणि मग खटका बसवत. एकदाही कापड वाकडे लागले नाही.

काही वर्षे अशी गेली. उन्हाळ्यात गणवेश, मध्ये उशांचे अभ्रे, लहान बाळांची दुपटी, आणि थंडीची चाहूल लागली की लाल मखमलीचा तागा टेबलावर उलगडायचा. मी किती मुलांची नावे भरली असतील! एकही नाव मला कंटाळवाणे वाटले नाही.

मग ती मुलगी आली.

त्या वर्षी मोठी आई आपल्याकडची सगळी मुले घेऊन दोऱ्यांचे रंग निवडायला आल्या होत्या. मुलांनी रिळांच्या डब्यांवर झडप घातली. एक मुलगी मात्र दाराशीच उभी राहिली. अंगात थंडीचा कोट, वरपर्यंत बटणे लावलेला. आत ऊब होती, तरी तिने एकही बटण सोडले नाही. मोठ्या आईंनी तिला पुढे बोलावले, तेव्हा ती तिथूनच म्हणाली, "माझं नाव घालू नका."

इतर मुले तिला समजावू लागली, की सगळ्यांचे असते, छान दिसते, जाताना घेऊन जाता येते. तिने मान हलवली. "मी इथे राहायला नाही आले. आईला बरं वाटलं की जाणारे. माझं नाव आमच्या घरी आहे."

तिची आई इस्पितळात होती. मोठे ऑपरेशन झाले होते आणि बरे व्हायला किती दिवस लागतील, हे डॉक्टरही नक्की सांगत नव्हते. मोठ्या आईंनी हे वहिनींच्या कानाशी सांगितले. वहिनी मुलीला काही म्हणणार, इतक्यात वन्सं बोलल्या, "नको तर नको. ये, इथे बस. या मशीनकडे बघायला नाव द्यावं लागत नाही."

ती आली आणि माझ्याजवळच्या स्टुलावर बसली. मी एका मोज्याची पट्टी भरत होते. तिने पूर्ण नाव होईपर्यंत डोळे हलवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मोठ्या आईंना विचारून परत आली, आणि मग येतच राहिली. बोलत नसे. कोट अंगात तसाच.

एका दुपारी तिने एकदम वन्संना विचारले, की तुम्ही इथल्याच का? वन्सं धागे कातरत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली. मोठ्या माणसांनी मुलांना द्यायचे गुळगुळीत उत्तर त्यांच्याकडे नव्हते, म्हणून त्यांनी खरे तेच सांगितले.

"नाही गं. मीसुद्धा चार दिवसांसाठीच आले होते."

"मग गेला का नाहीत?"

बेतायच्या टेबलाशी वहिनी कापड कापत होत्या. त्यांची कात्री मखमलीत मध्येच थांबली. मागे न वळता त्या म्हणाल्या, "मी सोडत नाही म्हणून."

वहिनींनी पुन्हा कापड कापायला घेतले. त्या रेषा मारून कापत, पण त्यानंतरचा काप रेषेवरून थोडा घसरला, हे मी पाहिले. वन्संनी चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारले नव्हते. त्यासाठी एका परक्या मुलीने येऊन विचारावे लागले.

मुलगी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने कोटाचे वरचे बटण सोडले आणि हळूच विचारले, "आईच्या नावाचा मोजा करता येईल? तिच्या खाटेला अडकवायला?"

वन्संनी कागद तिच्यापुढे ठेवला. "माझी अक्षरं नकोत," म्हणाल्या, "तूच काढ." मुलीने जीभ दातांत धरून आईचे नाव लिहिले, अगदी आई सही करते तसे. शेवटच्या अक्षराची शेपटी आई लांब ओढायची आणि तिला गोल वळसा द्यायची. तो वळसा जमेपर्यंत मुलीने पुन्हा पुन्हा खोडले. मित्रांनो, ते नाव मी इथे सांगणार नाही. ते त्या मायलेकींचे आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मोठी आई मुलीला इस्पितळात नेणार होत्या. त्या सकाळी वन्संनी माझ्यात सोनेरी दोरा ओवला आणि पट्टी रिंगेत लावली. मुलगी शेजारी उभी होती. पहिले अक्षर झाले, दुसरे झाले. तिसऱ्याच्या मध्यावर माझ्या आत काहीतरी टचकन तुटले. वरचा दोरा ढिला पडून खाली गोळा झाला, आणि मी थांबले.

दादा धावत आले. त्यांनी मला उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि एक बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून बाहेर काढली. मधोमध तुटलेली. दोरा ताणून धरायचे काम तिचे, आणि इतकी वर्षे तिने ते केले होते. घड्याळांच्या डब्यातल्या साऱ्या स्प्रिंगा त्यांनी लावून पाहिल्या, पण एकही बसेना. नवी मागवावी लागेल, आणि ती यायला काही दिवस जातील, असे त्यांनी सांगितले. ते सांगताना मुलीकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

मुलगी रडली नाही. तिने कोटाचे सोडलेले वरचे बटण पुन्हा लावले. मित्रांनो, आम्हा मशीनना रडता येत नाही आणि धावूनही जाता येत नाही. तेव्हा मला याचा जितका त्रास झाला, तितका कधी झाला नव्हता.

वन्सं उठल्या. कपाटापाशी स्टूल ओढले. वहिनी म्हणाल्या, थांबा, मी काढून देते. पण वन्संनी ऐकले नाही, स्वतः चढल्या आणि डबी खाली घेतली. झाकण गंजून घट्ट बसले होते, ते दादांनी उघडून दिले. आत सुया तशाच होत्या. सुईत दोरा ओवण्याचे वन्संच्या हाताला जमेना, ते मुलीने केले. मग वन्संनी खाली गोळा झालेला गुंता एकेक धागा करून सोडवला, रिंग मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू घट्ट धर. माझा हात हलतो, तुझा नाही."

आणि त्यांनी टाका घातला.

मी खिडकीशी उघडेच होते, पोटातले सगळे बाहेर, आणि माझ्यासमोरच हे चालले होते. वन्संची थरथर लाटेसारखी येई. ती आली की सुई कापडाच्या वर थांबून राही. ती ओसरली की त्या क्षणी सुई खाली जाई आणि वर येई. मग पुढची लाट. मी हजार टाके घालावेत तेवढ्या वेळात त्यांचा एक टाका होई. वहिनींनी दुकानाचे दार लोटून घेतले आणि आलेल्या गिऱ्हाइकाला बाहेरूनच परत पाठवले. दादा दिवा धरून उभे राहिले. वन्संच्या कपाळावर घाम आला, तेव्हा वहिनींनी तो स्वतःच्या पदराने टिपला, जसा आई मुलाचा टिपते.

तिसरे अक्षर पुरे झाले. मग चौथे. मग ती लांब शेपटी आणि तिचा वळसा. वळशापाशी वन्संचा हात फार थरथरला आणि त्या थांबल्या. मुलगी रिंग धरून म्हणाली, "हळू करा. आईपण तिथे हळूच करते." वन्संनी मान डोलावली आणि वळसा पुरा केला.

मी तेवढ्या वर्षांत जे काही भरले होते, त्या सगळ्यापेक्षा ते दीड अक्षर सुंदर होते. हे मी विनयाने म्हणत नाही. मला टाक्यातले कळते. वहिनींनी चटकन मोजा शिवला, पट्टी दुमडली, आणि मोठी आई दाराशी आल्या तेव्हा इस्त्रीची ऊब अजून मोज्यात होती. मुलीने तो कोटाच्या आत, छातीशी धरून नेला.

माझी स्प्रिंग आली, दादांनी बसवली, मी पुन्हा कामाला लागले. मुलगी येत राहिली, आता कोट खुंटीला अडकवून. थंडी सरली, झाडांना पालवी आली, आणि एके दिवशी ती आली नाही. आई घरी गेली आणि मुलगीही तिच्याबरोबर गेली, असे मोठ्या आईंनी सांगितले. वन्संनी त्या दिवशी रिकामे स्टूल जागेवरून हलवले नाही.

काही दिवसांनी दुपारी दार उघडले. मुलगी आत आली आणि तिच्यामागून काठी टेकत एक सडपातळ बाई. मुलीने तिला माझ्याजवळ बसवले आणि ही सुई, हे बॉबिन, इथली स्प्रिंग तुटली होती, असे सारे ऐटीत सांगितले. आईने माझ्यावर हात ठेवला. मग वन्संचा उजवा हात, तो थरथरणारा, आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तिथे माझ्या खाटेला नंबर होता," ती म्हणाली. "सगळे चांगले होते, पण रोज माणसं बदलायची. आली की नंबर वाचायची. मलाही सवय झाली होती, नंबर पुकारला की ओ द्यायची. हिने मोजा अडकवला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे मला नावानं हाक मारायला लागले. सफाईवालीसुद्धा. पहिल्यांदा हाक आली ना, तेव्हा मला वाटलं, आपण अजून आहोत."

वहिनी म्हणाल्या, की चहा टाकते, बसा.

त्याला आता पुष्कळ काळ लोटला. मोठ्या आईंच्या घरी नवी मुले येतात आणि जातात. वहिनींनी मध्यंतरी एक नवे, चपळ मशीन घेतले, आणि काही दिवस मी कापडाखाली झाकलेले होते. माझे भाग आता सहसा मिळत नाहीत. एकदा भंगारवाला दारात उभा राहिला आणि खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हे देऊन टाका, उगाच जागा अडवतंय. वहिनी घरात नव्हत्या. वन्संनी त्याला सरळ सांगितले, "ते द्यायचं नाही. आमच्या घरातलं आहे ते." आणि माझ्यावरचे कापड काढून घडी घालून ठेवले. तेव्हापासून गणवेश नवे मशीन भरते, आणि मोज्यांवरची नावे मी.

मित्रांनो, तुमच्या घरात कोपऱ्यात एखादे जुने यंत्र असेल, तर त्याच्यावर ओली छत्री ठेवू नका. अधूनमधून धूळ पुसा, तेलाचा थेंब द्या, आणि टाकून देण्याआधी एकदा सुरू करून पाहा. आमच्या मागण्या एवढ्याच. माणसांना मात्र याहून थोडे जास्त लागते. तुमच्या वर्गात कुणी नवे आले असेल, जिना झाडायला कुणी रोज येत असेल, शेजारच्या घरी कुणी चार दिवसांसाठी आले असेल, त्यांना त्यांचे नाव विचारा. ते नीट लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्या नावाने हाक मारा. त्याला सुई लागत नाही, दोरा लागत नाही, आणि हात थरथरत असला तरी चालतो.